आसुंता आणि डब्यातलं पिवळं

माझी भावजय आसुंता आणि मी जवळजवळ चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलो, आणि ती सगळी वर्षं आम्ही एकमेकींना पाण्यात पाहिलं. यात लपवण्यासारखं काही नाही. फिलाडेल्फियातल्या आमच्या इटालियन वस्तीत, नवव्या रस्त्यावरच्या मासळीवाल्यापासून चर्चच्या दारात मेणबत्त्या विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी इदा पेत्रोने, तिची नणंद. लग्न केलं नाही. भावाच्याच घरात माडीवरच्या मागच्या खोलीत राहिले आणि खाली तिच्या चीजच्या दुकानात तिच्या हाताखाली उभी राहिले. तेव्हा तिच्याबद्दल माझ्या तोंडून काही बरं निघालं, तर ते खरंच असणार असं समजा.

आसुंताचा कशावरही विश्वास नसे. अंडी घेतली की एकेक उजेडाला धरून बघायची. पाद्र्याचं प्रवचन लांबलं की माझ्या कानाला लागून म्हणायची, "याला काहीतरी दडवायचंय." दुकानात आढ्याला प्रोव्होलोने चीजचे मोठमोठे गोळे दोरीने टांगलेले असत. ती शिडीवर चढून एकेका गोळ्यावर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि कान लावून ऐकायची. आत कुणी लपून बसलंय आणि दार उघडत नाही, असा तिचा चेहरा व्हायचा. गिऱ्हाइकाने किसलेलं चीज मागितलं तर ती त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघायची. "घरी किसणी नाही? की हात नाहीत?"

हे सगळं तिला तिच्या वडिलांकडून आलं होतं. दुकान त्यांचं. दोनातो त्यांचं नाव, पण सगळा रस्ता त्यांना पापाच म्हणायचा. पापांचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते रोज ऐकावं लागे. "दूध, ते गोठवणारं रेनेट, मीठ आणि वेळ. या चार गोष्टींचं चीज होतं. पाचवी आली की ते चीज नव्हे." आसुंताने प्रार्थना शिकायच्या आधी हे वाक्य पाठ केलं असणार.

माझा भाऊ अर्मांदो या घरात जावई म्हणून आला तोच मुळी डाग घेऊन. तो दुसऱ्या महायुद्धात लढाईवर असताना, इटलीतल्या कासिनोच्या चिखलात, त्याला शिध्याच्या खोक्यात डब्यातलं चीज मिळायचं. वितळवून, काहीतरी क्षार घालून, पुन्हा गोठवलेलं. ते खराब व्हायचं नाही, उन्हात तेल सोडायचं नाही, खोक्यात वर्षभर निजून राहायचं. "बाकी सगळे तोंड वाकडं करायचे," तो सांगायचा, "मला आवडायचं बुवा." तिथल्या एका म्हातारीला त्याने एका अंड्याच्या बदल्यात एक डबा दिला होता. म्हातारीने बोटाने चाटून बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि डबा परत केला. अंडं मात्र राहू दे म्हणाली, पोरा, तुला जास्त गरज आहे.

ही गोष्ट तो बिचारा पहिल्या भेटीत होणाऱ्या सासऱ्याला सांगून बसला. आमचा अर्मांदो तसाच. त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून काही लपवायला गेला की कान लालबुंद होतात. आई त्याचे कान बघूनच थप्पड द्यायची. पापांनी सगळी गोष्ट ऐकून घेतली, वाइनचा पेला खाली ठेवला आणि लग्नाची अट घातली. "डब्यातलं चीज माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. तू आहेस तोवर नाही, मी गेल्यावरही नाही." अर्मांदोने हात पुढे करून वचन दिलं. आसुंता तेव्हा दारामागे उभी होती आणि हसत होती, असं ती नंतर म्हणायची. मला ते कधी पटलं नाही. आसुंताला हसताना मी फारसं पाहिलेलं नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी एक विक्रेता दुकानात आला. कोट, टाय, हातात काचेची बरणी. बरणीत पिवळंधमक, चमच्याने ढवळता येईल असं काहीतरी. तो म्हणाला, हे आधी समुद्रापलीकडच्या इंग्रजांसाठी काढलं. त्यांना पावावर चीजचं सार घालून खायची हौस, पण बायकांना चुलीपाशी उभं राहून ते ढवळायचा कंटाळा. आता आपल्या देशातही आलंय. नुसतं गरम करा आणि ओता. फुटत नाही, गुठळी होत नाही.

पापांनी बरणी उघडली, वास घेतला आणि चमचाभर मागच्या दाराशी बसलेल्या मांजरापुढे टाकलं. मांजराने चाटूनपुसून खाल्लं.

"बघा!" विक्रेता म्हणाला.

"मांजर उंदीरही खातं," पापा म्हणाले.

आसुंता गल्ल्यामागून बोलली, "हे भिंतीला लावायचं असतं ना? किती कोट लागतात?" दुकान हसलं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पिवळ्याला 'रंग' हेच नाव पडलं. आणि थोड्याच दिवसांत हा रंग आमच्या मोहल्ल्यात नाकावर टिच्चून शिरला. स्टेकची, म्हणजे मांसाच्या कापांची, सँडविच विकणाऱ्या खिडक्यांवर लोक तो मागायला लागले. आधी नुसतं मांस आणि कांदा असायचा, मग कुणी प्रोव्होलोने घालून घेऊ लागलं, आणि आता रांगेतली निम्मी माणसं पिवळं मागत होती. पापांनी मरेपर्यंत त्या खिडक्यांसमोरून जाताना फुटपाथ बदलला. ते गेल्यावर आसुंता फुटपाथ बदलायला लागली. गिऱ्हाइकांपैकी कुणी मुद्दाम तिला डिवचायचं, "आसुंता, पिवळं चीज ठेवत नाहीस का गं?" की तिचं उत्तर तयार. "ते चीज नव्हे. रंगाचं दुकान पुढच्या चौकात आहे." हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्या झोपेत कुणी विचारलं असतं तरी मी तेच बोलले असते.

आता मुद्द्याचं.

ज्या वर्षी शहरभर देशाच्या दोनशेव्या वाढदिवसाचे झेंडे लागले होते, त्या वर्षी वसंतात अर्मांदोचं हृदय थकलं. तो गोदीत जहाजांच्या पत्र्यांचं वेल्डिंग करायचा, दणकट माणूस. एक दिवस जिना चढताना मध्येच बसला आणि उठेना. हॉस्पिटलात सांगितलं की हृदय रक्त नीट ढकलत नाही, म्हणून पाणी अंगात साठतं, आणि मीठ हे त्या पाण्याचं आमंत्रण आहे. पुन्हा असं पाणी भरलं तर पुढच्या वेळी तो घरी येईलच असं नाही. डॉक्टरने हे आसुंताच्या तोंडावर सांगितलं. मग बर्नडीन नावाच्या नर्सने बसवून काय काय बंद ते समजावलं. खारवलेलं मांस, सॉसेज, ऑलिव्ह, लोणची आणि चीज.

चीज म्हटल्यावर आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. बर्नडीनला वाटलं आम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून ती पुन्हा मोठ्याने म्हणाली.

घरी आल्यावर अर्मांदोने आपणहून आईच्या फोटोपुढे उभं राहून शपथ घेतली. "आई, तुझ्या आत्म्याची शपथ, चीज जिभेला लावणार नाही." आणि आसुंताने काय केलं ते मी सांगते, कारण तेव्हा पहिल्यांदा मला ती थोडी कळली. तिने स्वतःच्या ताटातूनही चीज काढून टाकलं. दुकानात गिऱ्हाइकासाठी चाखून बघावं लागे, तेव्हा चाखायची आणि मागे जाऊन थुंकून चूळ भरायची. वर त्याच्यापाशी वास न्यायचा नाही म्हणून. चीजच्या ढिगाखाली जन्मलेली बाई ती. मिठाचा डबा तिने शेजारी देऊन टाकला. पाव घरीच बिनमिठाचा भाजू लागली. तो पाव इतका वाईट होता की कबुतरंही आधी विचार करायची.

आणि तरीही अर्मांदोचे पाय सुजायला लागले.

उन्हाळा संपता संपता त्याचे घोटे भरून आले. अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि पडूनच राहायचा. वजनाचा काटा वर सरकत होता. दोन उशांवर झोपणारा माणूस तीन उशा मागू लागला. बर्नडीनने तपासलं आणि आसुंताला बाजूला घेतलं. मी सोबत होतेच.

"मीठ कुठून तरी येतंय," ती म्हणाली.

"माझ्या घरातून नाही."

"बाई, सगळं खारट चवीला खारट लागत नाही. डब्याबरणीतल्या गोष्टींत दोन-दोन क्षार असतात. एक चवीसाठी, आणि एक दाट राहावं, तेल सुटू नये म्हणून. दुसरा जिभेला कळत नाही. हृदयाला कळतो."

"माझ्या उंबऱ्याच्या आत डबा येत नाही," आसुंता म्हणाली. "माझ्या बापाच्या वेळेपासून."

झालं. त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे पोलीस चौकी झाली. आसुंताने अर्मांदोचे खिसे उलटे केले, बोटं हुंगली. औषधवाल्याने गोळीत मीठ घातलंय का, असं त्या गरिबाला विचारून आली. आणि मग तिची नजर माझ्यावर वळली. मी ऑलिव्ह खाते, माझ्या खोलीत बरणी आहे, भावाचा लळा मला फार, तेव्हा मीच त्याला चोरून भरवते. तोंडाने म्हणाली नाही, पण एक दिवस मी बरणी उघडली तर आतल्या ऑलिव्हवर वरपर्यंत तेल ओतलेलं आणि तेलावर तिने ओरेगानोच्या पाल्याचा बारीक चुरा पसरलेला, म्हणजे बोट घातलं की समजावं.

माझंही मन काही शुद्ध नव्हतं. मला तिचाच संशय होता. मला वाटे, इतक्या वर्षांचा हात. मुठीमुठीने मीठ टाकणारी बाई एकदम बिनमिठाचा स्वयंपाक कसा करेल? टाकत असेल थोडं, न कळत. म्हणून ती खाली गेली की मी तिचं पातेलं उघडून चमचा बुडवायची. एकदा चमचा तोंडात असतानाच मागून आवाज आला.

"खारट आहे?"

मी वळले. आसुंता दारात उभी.

"नाही," मी म्हणाले. "कसलीच चव नाही."

"तीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललीस," ती म्हणाली आणि झाकण ठेवून निघून गेली.

मग बुटाची भानगड झाली. डॉक्टरने अर्मांदोला रोज दुपारी थोडं चालायला सांगितलं होतं. तो जेवण झालं की टोपी घालून जायचा आणि चारच्या आत यायचा. एका गुरुवारी आसुंता त्याचे बूट पुसायला बसली आणि उजव्या बुटाच्या टोकावर तिला एक पिवळा थेंब दिसला. वाळलेला. तिने नखाने खरवडला. मला हाक मारली.

"इदा, हा काय आहे?"

मी बघितलं. "रंग दिसतोय."

"रंगच आहे," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. कारण आमच्या मागच्या गल्लीत रोझाल्बा नावाची विधवा राहायची, आणि त्याच आठवड्यात तिने आपलं पुढचं दार पिवळं रंगवून घेतलं होतं. रोझाल्बा घरी सॉसेज करायची. तिची सॉसेज पूर्ण दक्षिण फिलाडेल्फियात नावाजलेली होती, आणि नवरा गेल्यावर तिच्या घरी रंगकाम, खिळा ठोकणं, नळ बघणं, यासाठी कुणी ना कुणी पुरुष लागायचाच. आसुंताने एका थेंबावरून सगळं उभं केलं: दार, ब्रश, अर्मांदो शिडीवर, रोझाल्बा खाली ताट घेऊन, ताटात सॉसेज. मीठही सापडलं आणि बाईही सापडली.

मी तिला म्हणाले, "वेडी आहेस का? त्याला जिना चढवत नाही, शिडी कुठली चढतोय?"

"तू बहीण त्याची. तू तेच म्हणणार."

रविवारी जेवायला बसल्यावर तिने ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "अर्मांदो, मला फक्त एक सांग. तू रोझाल्बाकडे जातोस का?"

अर्मांदोने काटा खाली ठेवला. आधी त्याला कळलंच नाही. मग तो इतका हसला की खोकला आला, आणि खोकल्याने धाप लागली, आणि आम्ही दोघी उठून त्याच्या पाठीवर हात फिरवू लागलो.

"आईच्या आत्म्याची शपथ," श्वास परत आल्यावर तो म्हणाला. "चीज नाही. सॉसेज नाही. ऑलिव्ह नाही. आणि रोझाल्बाही नाही. एकदासुद्धा नाही."

आम्ही दोघींनी एकाच वेळी त्याच्या कानांकडे बघितलं. कान होते तसे होते, म्हाताऱ्या माणसाचे, फिकट. खोटं नव्हतं. आसुंता माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे. खोटं सापडलं असतं तर निदान राग काढता आला असता. तो खरं बोलत होता आणि पाय सुजत होते, याची मला त्या दुपारी पहिल्यांदा भीती वाटली. टेबलाखाली त्याचे घोटे मोज्यांच्या वर फुगून आले होते. हा माणूस आमच्या डोळ्यांदेखत बुडतोय आणि पाणी कुठून येतंय ते आम्हाला दिसत नाही, असं मला वाटलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आसुंता आत आली, माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाली, "मंगळवारी दुकान बंद ठेवू."

पापांच्या अंत्ययात्रेनंतर ते दुकान कामाच्या दिवशी कधी बंद राहिलं नव्हतं. मंगळवारी दुपारी अर्मांदो टोपी घालून निघाला, आणि आम्ही दोघी शटर ओढून त्याच्या मागे. साठीला टेकलेल्या दोन बायका, डोक्याला रुमाल, भर उन्हात. दारांच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायकांनी आम्हाला विचारलंही, "कुठे निघाल्या दोघी मिळून?" आम्ही दोघी मिळून कुठे गेलो तर लोकांना संशय यावा, अशी आमची कीर्ती.

अर्मांदो हळू चालत होता, मध्ये मध्ये थांबत, गाड्यांच्या आरशात टोपी नीट करत. रोझाल्बाची गल्ली आली. आसुंताने माझा दंड धरला. तिची नखं रुतली. अर्मांदोने त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ पुढे गेला.

"बघ," मी म्हणाले.

"मग कुठे?" ती म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ती आणखीच घाबरली.

तो कोपऱ्यावरच्या सँडविचच्या खिडकीपाशी जाऊन रांगेत उभा राहिला. दुपारची गर्दी, गोदीतले लोक, शाळा सुटलेली पोरं. त्या खिडकीची रीत अशी की, नंबर आला की दोन शब्दांत सांगायचं, कुठलं चीज आणि कांदा हवा की नको. अडखळलात तर रांगेच्या शेवटी. आम्ही दिव्याच्या खांबाआड होतो. खांब एक आणि आम्ही दोघी, त्यामुळे कुणाला फसवत होतो देव जाणे. अर्मांदोचा नंबर आला.

"प्रोव्होलोने?" आतल्या माणसाने विचारलं.

"नको रे बाबा," अर्मांदो म्हणाला. "ते चीज आहे. मला बंदी आहे. नेहमीचं दे."

आतल्या माणसाने तव्यावर मांसाचे पातळ काप फाडले, कांदा मिसळला, लांब पाव उघडून वर दाबला आणि सगळं उचललं. मग तव्याच्या बाजूला गरम पाण्यात एक डबा उभा होता, त्यात पळी घातली. पिवळं, दाट, तार धरणारं. एक पळी ओतली, आणि ओळखीचा माणूस म्हणून आणखी अर्धी.

अर्मांदो कडेला आला. पाय लांब, अंग पुढे झुकवून, कोपर बाहेर काढून, म्हणजे गळेल ते जमिनीवर गळावं, कपड्यांवर नाही. त्याने डोळे मिटून पहिला घास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर ते सुख बघून मला क्षणभर वाटलं, आपण इथून निघून जावं. एक थेंब लोंबला, लांबला आणि त्याच्या उजव्या बुटावर पडला.

आसुंता खांबाआडून बाहेर निघाली.

"अर्मांदो!"

अख्खी रांग वळली. अर्मांदोच्या तोंडात घास होता. त्याने तो शांतपणे चावून गिळला. आणि त्याचे कान लाल झाले, टोपीच्या खालून निखाऱ्यासारखे.

"आईची शपथ घेतलीस!" आसुंता ओरडली. "माझ्या टेबलावर बसून! मेलेल्या आईची!"

"घेतली. आणि पाळतोय."

"पाळतोयस? हातात काय आहे ते?"

"ताजं मांस. कांदा. पाव अर्धाच खातो, उरलेला टाकतो."

"आणि वर? वर काय आहे?"

अर्मांदोने सँडविचकडे बघितलं. मग तिच्याकडे. "रंग," तो म्हणाला.

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. आसुंता हसली नाही.

"माझी थट्टा करू नकोस. बर्नडीनने सांगितलंय, अशा डब्यांत मीठ भरलेलं असतं. जिभेला न कळणारं. ते दाट राहतं ते मिठावर राहतं. तू दर दुपारी येऊन विष खातोयस!"

"मला काय ठाऊक?" अर्मांदोचा आवाज आता चढला. त्याला धाप लागली होती, पण तो थांबला नाही. "मला म्हणाले चीज बंद. मी चीज बंद केलं. तुझ्या बापाने सांगितलं हे चीज नव्हे. तू सांगितलंस हे चीज नव्हे. लग्न झाल्यापासून, रोज, गिऱ्हाइकासमोर, पाद्र्यासमोर, माझ्या मित्रांसमोर. डब्यावर कंपनीने मोठ्या अक्षरांत चीज लिहिलंय, आसुंता. मी कंपनीवर विश्वास ठेवला नाही. तुझ्यावर ठेवला."

आसुंताने डोक्यावरच्या रुमालाची गाठ घट्ट केली.

"मग लपवलंस कशाला?" मी विचारलं. राहवलं नाही.

"हिच्या जिभेला घाबरून!" तो म्हणाला. "घरात कळलं असतं तर काय झालं असतं? बाई ठेवली असती तरी हिने एकदा माफ केलं असतं. पण हे? उंबऱ्याच्या आत आणायचं नाही म्हणून वचन दिलं होतं, मी कधी आणलं नाही. बाहेर खातो. उभ्याने खातो. कान लपवायला टोपी घालून खातो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आसुंता तिथे उभी होती आणि मला दिसत होतं, ती कुठल्या दोन गोष्टींच्या मध्ये सापडली आहे. एका बाजूला बाप होता, आढ्याला टांगलेले गोळे होते, ते चार गोष्टींचं वाक्य होतं. दुसऱ्या बाजूला हा माणूस, सुजलेल्या पायांवर पुढे झुकून उभा, श्वास तोकडा पडलेला.

"ते टाक," ती हळू म्हणाली. "मीठ आहे त्यात. माझं ऐक."

"मिठाची शपथ घेतली नव्हती," अर्मांदो म्हणाला. "चीजची घेतली होती. हे चीज आहे का?"

माझा भाऊ हट्टी आहे, पण तेव्हा त्याच्या डोळ्यांत हट्ट नव्हता. तोही घाबरला होता. त्याला ते सोडायचं होतं आणि एकट्याच्या जोरावर सुटत नव्हतं. त्याला शपथेचा आधार हवा होता.

आसुंताने रांगेकडे बघितलं. त्यातली निम्मी तिची गिऱ्हाइकं. तो मासळीवाला होता. मेणबत्त्यावाली होती. खिडकीतला माणूस हातातली पळी तशीच धरून वाट बघत होता. आसुंता ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं," अर्मांदो म्हणाला.

"चीज आहे," आसुंता म्हणाली. मग मान वर करून, शिडीवरून दुकानभर ऐकू जावं अशा तिच्या नेहमीच्या आवाजात, "चीज आहे ते! ऐकलंत सगळ्यांनी? चीज आहे!"

कुणी हसलं नाही. मासळीवाल्याने तर टोपी काढली, मयताला काढतात तशी.

अर्मांदोने उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं, वरून दाबलं आणि कचऱ्याच्या पिंपात टाकलं. रुमालाने बोटं एकेक पुसली.

"मग झालं," तो म्हणाला. "चीज मी खात नाही."

आम्ही तिघं घरी आलो. आसुंताने एकदा वाकून त्याच्या बुटावरचा थेंब स्वतःच्या रुमालाने पुसला, भर रस्त्यात. पुढच्या काही आठवड्यांत त्याचे घोटे उतरले, उशा तीनच्या दोन झाल्या. बर्नडीनला सगळं सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. त्या पिवळ्याच्या दोन चमच्यांतच त्याच्या दिवसभराच्या मिठाचा चौथा हिस्सा जातो म्हणाली, आणि तिथे तर पळीने ओततात. अर्मांदो त्यानंतर नऊ वर्षं जगला. तो बिनमिठाचा पाव खात नऊ वर्षं जगला, यावरून तिच्यावर त्याचा जीव किती होता ते समजा.

आसुंता तशीच राहिली. पाद्र्याचा संशय, अंड्यांचा संशय, माझ्या ऑलिव्हच्या बरणीचा संशय. पण एक बदल झाला. अर्मांदो गेल्यावरही कुणी तरुण, ज्याला जुनी गोष्ट ठाऊक नाही असा, दुकानात येऊन तिला डिवचायचा, "आजी, ते डब्यातलं पिवळं, ते काही चीज नव्हे ना?" मी चाकू हातात घेऊन थांबायची आणि तिच्याकडे बघायची. ती शिडीवर असायची, गोळ्याला कान लावून. मान न वळवता उत्तर द्यायची.

"आहे. पण माझ्याकडे मिळत नाही."